मामांची ऊदकाडी

हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, हे माझ्या बायकोच्या मामांइतकं सोलापुरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असूनही गप्प कधी बसावं, हे त्यांच्याइतकं कमी कुणालाच कळत नव्हतं. आयुष्यभर ते एका चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायच्या हौदापाशी उभे होते. हौदाखाली जाळ, आत उकळता रंग. खालचं पाणी तापून वर येतं, वरचं निवून खाली जातं, हे इतकी वर्षं बघून त्यांची अशी खात्री झाली होती की जगात दुसरं बघण्यासारखं काही नाहीच. आमच्याकडे आले की ते थेट स्वयंपाकघरात जाऊन चहाच्या पातेल्यात डोकावत. बायकोनं चमचा उचलला की म्हणत, "थांब की गं पोरी. पत्ती बघ कशी वर येतीया आन् कडंनं खाली जातीया. आपसूक फिरतंय त्ये. तू कशाला मधी पडतीस?" चहा उतू जायचा, पण मामांचं बघून व्हायचं नाही. त्यांच्या मुलानं घरात गिझर बसवला, तेव्हा शेजारी बघायला आले. मामा त्यांना सांगत होते, "नवं काय न्हाय. करंटचा बंब हाय ह्यो. गार पाणी खालनं आत, ऊन पाणी वरनं भायेर." मुलाचा चेहरा पडला, पण शेजाऱ्यांना गिझर पहिल्यांदाच समजला.

त्यांच्या खिशात कायम एक ऊदकाडीचा पुडा असे. आमच्याकडे उदबत्तीला ऊदकाडी म्हणतात. कुणाच्याही घरी गेले की आधी एक काडी पेटवत आणि धूर कुठं जातो ते बघत. लोकांना वाटायचं माणूस भाविक आहे. मामा फक्त बसायला जागा शोधत असत. धुराचा माग काढून ते दाराशेजारी गार जागी बसत, आणि पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची रिकामी राही.

माझा त्यांच्यावर राग होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. एसटीच्या टपावर टॉवेलचे गठ्ठे टाकून मंगळवेढ्याच्या बाजारात विकणारा मी माणूस. शुक्रवार पेठेत स्वतःचं दुकान घ्यायची वेळ आली, तेव्हा घरातलं मोठं माणूस म्हणून मामांना सोबत नेलं. छताला पत्रा होता, भाव पाडायला मी त्यालाच धरलं. मालकाला म्हटलं, "दुकान कसलं, भट्टी आहे ही. उन्हाळ्यात गिऱ्हाईक उभं राहणार नाही." मालक मऊ पडायला लागला होता. तेवढ्यात मामांनी काडी पेटवली. धूर सरळ वर गेला आणि पत्र्याखालच्या झरोक्यातून बाहेर पडला. मी त्यांच्या पायावर पाय दिला. "जावईबापू, पाय का दाबताय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि मालकाकडं वळले. "भट्टी न्हाय ही. गरम हवा वरनं जातीया, दारातनं गार आत येतीया. असलं दुकान हितं दुसरं न्हाय." मालक म्हणाला, "तुमचेच पाहुणे सांगतायत की." त्यानंतर तो एक रुपया खाली आला नाही.

मी मामांशी बोलणं टाकलं. दुकान ताब्यात आल्यावर पहिल्यांदा फळ्या ठोकून झरोका बुजवला. बायकोला सांगितलं, चादरी मांडायला जागा हवी. खरं कारण तिलाही कळलं होतं. एप्रिल लागला आणि पत्रा तापला. दोन पंखे लावले, ते तीच गरम हवा फिरवत बसले. माझा सगळा धंदा गिऱ्हाईक टेकण्यावर. टेकलं की घासाघीस, घासाघीस झाली की विक्री. आता बायका दोन चादरी उलगडायच्या, पदरानं घाम पुसायच्या आणि समोरच्या दुकानात जायच्या. नवं दुकान पहिल्याच उन्हाळ्यात बसणार असं दिसायला लागलं. शेवटी बायकोनं मला न विचारता मामांना बोलावलं.

त्यांनी आल्या आल्या काडी पेटवली. धूर वर गेला, पत्र्याखाली पसरला आणि परत आमच्या डोळ्यांवर आला. मामा म्हणाले, "जावईबापू, राग माज्यावर हाय न्हवं? मग गिऱ्हाइकाला का भाजताय?" मी म्हटलं, "मालकासमोर बोलायला नको होतं तुम्ही."

"धूर काय मी सांगंल तिकडं जातोय व्हय?"

एवढं बोलून ते या वयात स्टुलावर चढले आणि फळ्या उपटायला लागले. मी स्टूल धरलं. माफी वगैरे मागायची मला सवय नाही. संध्याकाळी दोन गिऱ्हाइकं टेकली, आणि मामा दाराशी बसून त्यांना हवेचा रस्ता समजावत होते.

मामांना जाऊन आता वर्ष होईल. परवा मागच्या आळीतलं गोदाम घ्यायला मी एकटाच गेलो. सवयीनं म्हटलं, "भट्टी आहे ही," आणि सवयीनंच थांबलो. कुणी काडी पेटवली नाही. मालक खाली आला, मी म्हटलं तिथपर्यंत आला. सौदा झाला, मालक गेला. मग मी मुद्दाम आणलेली ऊदकाडी पेटवली. धूर वर गेला, छताला अडला आणि हळूहळू खाली उतरला. भिंतीत कुठंच झरोका नव्हता. गोदाम खरंच भट्टी होतं. एवढ्या वर्षांत सौद्यात मी पहिल्यांदाच खरं बोललो होतो, आणि ते ऐकायला मामा नव्हते.