बिनमायन्याचं कार्ड

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जन्माचा दोष. ठाण्याच्या मराठी शाळेत मी सहावी इयत्ता शिकवायचो तेव्हा खुर्ची असून नसल्यासारखीच होती. मी फेऱ्या मारत शिकवायचो आणि पोरांच्या माना माझ्याबरोबर इकडून तिकडे फिरायच्या. त्या वर्षी तर अंगात वारंच शिरलं होतं. मुंबईच्या एका साप्ताहिकाने माझे दोन लेख छापले होते. फुकट, पण छापले होते! मला वाटू लागलं, या वर्गातून एक तरी लिहिणारा निघालाच पाहिजे. कारकून नव्हे, लिहिणारा.

"लिहिणं हासुद्धा धंदा आहे रे," मी सांगायचो, आणि पोरं हसायची. त्यांच्या लेखी लिहिण्याचा धंदा म्हणजे कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज खरडणारे म्हातारे. एकाने विचारलंच, "पंतोजी, त्याने पोट भरतं का?" मी म्हटलं, "नाही भरत. तरी लिहायचं." वर्ग खो खो हसला आणि मी उगाच एकदोघांचे कान पिळले.

माझं खरं वैर होतं मायन्याशी. पत्र म्हटलं की आधी डोक्यावर श्री, मग तीर्थरूप, मग कृतानेक साष्टांग नमस्कार, मग येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. एवढं झालं की कागद संपला आणि सांगायचं राहिलं! वर्गातली सगळी पोरं हेच घोटून घोटून लिहायची. सगळ्यांच्या घरी सगळं कायम खुशाल.

एके दिवशी मी प्रत्येकाला पोस्टाचं एकेक कार्ड आणायला लावलं. ती कार्डं तेव्हा नवीनच निघाली होती. म्हटलं, "घरच्या माणसाला लिहा. मायना नको, श्री नको, क्षेम तर मुळीच नको. पहिल्या ओळीपासून खरं सांगा. ज्याने मायना घातला त्याचं कार्ड फाडीन."

कोलशेतहून रोज चालत येणारा एक मुलगा होता. आगरी. बाप तिथल्या आगरात, म्हणजे मिठागरात, राबायचा आणि हा बापाजवळ खोपटात राहायचा. आई तिकडे आंबिवलीला, घरचं शेत आणि सासू सांभाळून. बाप फक्त पावसाळ्यात घरी जायचा. हा पोरगा एरवी मुकाच. पण त्या दिवशी खाली मान घालून असा लिहीत सुटला की मी दोनदा जवळून गेलो तरी त्याला पत्ता नाही. कार्ड हातात आलं तेव्हा मी फक्त माथा बघितला. श्री नाही, मायना नाही. "शाबास!" म्हटलं आणि वाचलंच नाही. अजून चाळीस कार्डं बघायची होती ना! सगळी गठ्ठ्याने पोस्टात टाकली.

आता वाचणाऱ्याला हे सांगायला नको की आपल्याकडे बिनश्रीचं पत्र केव्हा येतं. माणूस गेल्याचं असेल तेव्हा. ते घरात नेत नाहीत, वाचलं की फाडतात आणि आंघोळ करतात. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. माझेच वडील गेल्याचं तसलं पत्र मी अंगणात उभं राहून वाचलं होतं. पण डोक्यात लेखक शिरला की अक्कल गहाण पडते.

आठ दिवसांनी तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मला राहवेना. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तसाच कोलशेतची वाट धरली.

खोपटासमोर बाप उभा होता. मला बघताच तो कडाडला, "मास्तर, तुमचा लिवना तुमच्यापाशी ठेवा! पोराचा नाव कमी करा. तो आता माज्यासंगती आगरान येल."

"अहो, पण झालं काय?"

"मी जित्ता उभा हाय, नि माजे बायकोनी बांगड्या फोरल्या!"

दारात त्याची बायको बसली होती. हातात नव्या कोऱ्या बांगड्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने सांगितलं ते असं. गावात वाचणारे एकटे उपाध्ये. त्यांनी कार्ड हातात घेतलं, वर श्री नाही. ओसरीवरून उतरून ते अंगणात गेले. पहिली ओळ वाचली, "आई, बाचं खरं काय ते आज लिहितो." बस्स. "नशीब तुझं बाई," म्हणाले, कार्ड फाडलं आणि थेट विहिरीवर आंघोळीला. तिने अंगणातच बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. तशीच कल्याणपर्यंत चालत गेली, तिथून आगगाडीने ठाण्याला आली. निदान तोंड तरी बघायला मिळेल म्हणून धावत आगरावर पोचली, तर नवरा पाण्यात उभा!

माझं डोकंच फिरलं. चार ओळी पुढे वाचायला त्या उपाध्यांना काय धाड भरली होती? तोंडावर आलेलं मी गिळलं. मी तरी कुठे वाचलं होतं? मी हात जोडले. म्हटलं, "चूक माझी आहे, पोराची नाही. मला काय वाटेल ते बोला, पण त्याची शाळा तोडू नका."

"नाय म्हंजे नाय," बाप म्हणाला. पोरगा खोपटाच्या कुडाला टेकून उभा होता, डोळे सुजलेले. त्याच्याकडे बघवेना. मी तीनदा निघालो आणि तीनदा परत वळलो.

तेवढ्यात आई म्हणाली, "काय लिवलेलास रं त्या कार्डान? पुढचा कोनीच वाचला नाय. सांग."

ती पुन्हा म्हणाली, "सांग रं, बाला."

मग तो सांगू लागला. शब्द न् शब्द त्याच्या तोंडी होता.

"आई, बाचं खरं काय ते आज लिहितो. दर वेळी येथील क्षेम असे लिहितो, ते बा सांगतो म्हणून. बाच्या टाचा फाटल्या आहेत. त्यात मीठ जाते. संध्याकाळी तो पाय गोड्या पाण्यात घालून बसतो आणि मला म्हणतो, तिकडे तोंड कर. मी तिकडे तोंड करतो. पण मला ऐकू येते."

"गप र!" बाप ओरडला आणि मटकन खाली बसला. दोन्ही पाय त्याने पंच्याखाली ओढून घेतले.

ती उठली, त्याच्यासमोर जाऊन बसली, पंचा बाजूला सारला आणि बघत राहिली. पावसाळ्यात घरी येईतो भेगा भरलेल्या असायच्या, तिला कुठून कळणार? मग तिने नवऱ्याचा एक पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मास्तर, पोराचा नाव राहू द्या. याचा खरा काय ता मना दुसरा कोन सांगल?"