सुखरूप पोचल्यावर सोडायची गाठ

रफीक, आपण निघालो त्या दिवशी सोलापूर स्टेशनावर आपल्या दोघांच्या आया पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या. माझी आई कुंभारीहून शेंगापोळ्या बांधून घेऊन आली होती. रडायचं नाही असं ठरवून ती सारखी माझ्या शर्टाची बटणं चाचपत होती. "लई लांब हाय की रं ते," एवढंच म्हणायची. तुझी अम्मी शुक्रवार पेठेतून रिक्षानं आली. तिनं तुझ्या उजव्या दंडावर हिरव्या कापडात गुंडाळलेलं नाणं बांधलं, इमाम जामीन, प्रवासात राखण करणारं. मग माझ्याकडे वळली. "मल्लू, तूबी हात कर." दुसरं नाणं तिनं आधीच गुंडाळून आणलं होतं. "सुखरूप पोचला की गाठ सोडायची, अन् नाणं गरिबाला द्यायचं. याद रखना." माझ्या आईनं तिचे दोन्ही हात धरले आणि गाडी सुटेपर्यंत सोडले नाहीत.

विजेचे टॉवर उभारायचं काम होतं. आफ्रिकेतल्या ज्या देशात आपण उतरलो त्याचं नाव मी लिहीत नाही. तू अजून तिथेच आहेस, आणि माझ्या एखाद्या शब्दानं तुझं काय होईल याची मला भीती वाटते. विमानतळावर मी गाठ सोडायला लागलो तेव्हा तू मला अडवलंस. "अबे, हे काय पोचणं झालं? घरी जाऊन सोडू." म्हणून दोघांचीही नाणी दंडावरच राहिली.

एक दिवस टॉवरच्या कामावर बंदूकवाले मोटरसायकलींवर आले, तोंडं बांधून. तिथल्या मजुरांना त्यांनी हाकलून दिलं आणि आपल्या दोघांना उचललं. मला वाटलं, पैसे मागतील, कंपनी देईल, सुटू. त्यांना पैसे नको होते. राजधानीच्या तुरुंगात त्यांची दोन माणसं होती. ती सोडली तरच ही दोघं मिळतील, हे त्यांनी कॅमेऱ्यासमोर बसवून आपल्याकडूनच वदवून घेतलं. माझे दात वाजत होते. तू मात्र टॉवरच्या टोकावरून खाली निरोप सांगावा तसा एकेक शब्द नीट उच्चारलास.

तू मुसलमान, तेही मुसलमान, तुला तरी ते सोडतील असं मला वाटायचं. पाठोपाठ अंगावर काटा यायचा, कारण मग मी एकटा उरलो असतो. झालं उलटंच. तुझ्या दंडावरची गाठ बघून ते माझ्यापेक्षा तुझ्यावरच जास्त चिडले. मुसलमानानं असलं काही बांधणं त्यांना पसंत नव्हतं. चाकूनं कापून त्यांनी ती वाळूत फेकली. माझी लांब बाहीखाली लपून गेली. मी मटणाला हात लावत नाही म्हणून त्या दिवशीही तू आपल्या वाटचा भात माझ्याकडे सारलास. "हे लोक मारायच्या आधी तू उपासानंच जाशील, मल्लू. थोडं मटण खाल्लं तर तुझा देव काय इतक्या लांब बघायला येणार हाय?"

पुढे त्या सरकारनं एक कैदी सोडला. एकाला एक. मी तेव्हा तापानं फणफणलो होतो. मेलेल्या माणसाच्या बदल्यात कोणी काही देत नाही हे त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी मला सोडलं. तू मला उचलून जीपमध्ये बसवलंस. "अम्मीला सांग, पोटभर जेवतो म्हणून." दुसरा कैदी त्यांच्यातला मोठा माणूस आहे, त्याला सोडायला तिथलं सरकार तयार नाही, असं मला नंतर आपल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.

कुंभारीत मी फार टिकलो नाही. शेजारी जाताना दाराला बाहेरून कडी लावायची आईची जुनी सवय. तो आवाज झाला की मी घामानं भिजायचो. तिनं कडी काढून टाकली, तरी माझी धास्ती गेली नाही. आता मोडनिंबला हायवेलगत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात काम करतो आणि मागच्या खोलीत राहतो. परदेशी गेलेला माणूस हिंडून फिरून इथे वस्तीला. दुकानापुढे मोटरसायकल हळू झाली की माझ्या हातातला पाना गळून पडतो. "गिऱ्हाईक हाय रं," मालक म्हणतो. ते मलाही दिसतं, पण हात ऐकत नाहीत. आई फोनवर विचारते, "गाठ सोडलास का रं? आता आलास की घरी." मी विषय बदलतो.

सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं अम्मीकडे जातो. तिला त्या दुसऱ्या कैद्याचं नाव पाठ झालंय. नमाजनंतर ती तुझ्यासाठी दुवा मागते. मग उठून खिडकी लावते आणि हळू आवाजात त्याच्यासाठी मागते. "कुणी ऐकलं तर काय म्हनतील, बेटा? आधीच गल्लीत नजरा बदलल्यात. त्यानं कुनाकुनाची लेकरं मारली असतील, त्याचा हिशेब अल्ला करंल. पन तो मेला तर माझ्या रफीकला कुनाच्या बदल्यात सोडतील?"

गेल्या खेपेला एस.टी.त बसल्या बसल्या फोनवर बातमी वाचली. तो कैदी तुरुंगात आजारी आहे. अम्मीला सांगायचं नाही असं ठरवूनच मी जिना चढलो, पण माझं तोंड बघून तिनं विचारलंच. ऐकलं आणि ती उठली, हिरवं कापड काढलं, त्यात नाणं गुंडाळलं आणि खिडकीच्या गजाला बांधलं. "त्याचा दंड मला कुटं सापडनार," ती म्हणाली. मग अगदी तुझ्याबद्दल विचारते तशा आवाजात तिनं विचारलं, "डाक्टरला दाखवलं का रे त्याला?"

"दाखवलं असेल, अम्मी," मी म्हणालो. या वेळी खिडकी मी लावली.

निघताना तिनं माझ्या बाहीवरून हात फिरवला. दंडावरची गाठ सैल पडली होती. आता ती सोडून टाक म्हणेल असं मला वाटलं. पण तिनं बाही वर सारून ती पुन्हा घट्ट बांधली.

"तू पोचला न्हाईस अजून," ती म्हणाली. "दोघं मिळून या. मग सोडू."