आईची आंघोळ आणि वरच्या मजल्याची जमीन

साउथहॅम्प्टनला आम्ही घेतलेलं घर शंभरेक वर्षांचं होतं आणि त्याच्या बाथरूममध्ये चक्क कार्पेट होतं. गुलाबी. जानेवारीत खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचं. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आले की मी टबात उभ्यानं दोन मिनिटांत शॉवर उरकून रेडिएटरपाशी पळायची. पण दोन हजार सहा साली नागपूरहून आई राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "टबात चढून उभ्यानं कसली गं आंघोळ? घसरून पडले म्हणजे? मला आपली बादली दे आणि बसायला काहीतरी दे."

बादली मिळाली, पण जमिनीला ना उतार ना मोरी, पाणी जाणार कुठे? शेवटी बाथरूमच नवं करायचं ठरलं.

प्लंबर साठीचा, उंच, कमी बोलणारा इंग्रज. त्यानं कार्पेट उचललं, खालच्या फळ्या ठोकून बघितल्या. दोन कुजलेल्या निघाल्या. "पाणी जमिनीवर ओतणार? वरच्या मजल्यावर?" त्यानं मला दोनदा विचारलं. मला काही धड समजावता येईना. तेव्हा आईच स्वेटर-शालीसकट प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली, रिकाम्या बादलीत मग बुडवला आणि डोक्यावर ओतला. मग पाठ, मग पाय. साबण लावायलाही विसरली नाही. तो गुडघे टेकून फळ्यांवर खडूनं खुणा करत होता, पाणी इथवर उडेल, इकडे वाहील.

"वन्स मोअर, मॅडम," तो म्हणाला.

आईनं पुन्हा अख्खी आंघोळ केली. हसून हसून माझं पोट दुखलं.

पुढचे दहा दिवस आम्ही टॉवेल घेऊन शेजारणीकडे जात होतो. नव्या फळ्या आल्या, भिंतींत थंडी अडवणारे जाड थर बसले, उतार काढून त्यावर टाइल्स लागल्या.

काम संपलं तरी प्लंबर घरी जाईना. आई वर आंघोळीला गेली आणि तो बरोबर खाली, किचनमध्ये, चहाचा मग धरून छताकडे बघत उभा राहिला. वरून धबाधबा पाणी ओतल्याचा आवाज, आणि आईचा खणखणीत श्लोक.

"काय म्हणतायत त्या?"

"नद्यांना बोलावतेय. गंगा, यमुना, गोदावरी, कावेरी..."

त्याचा चेहरा पडला. "सगळ्या?"

एक थेंबही गळला नाही. आई लाल गालांनी, डोक्याला पंचा गुंडाळून खाली आली. "सांग त्याला, इकडे आल्यापासून आज अंग धुतल्यासारखं वाटलं."

मी सांगितलं. त्यानं चहाचा मग ओट्यावर ठेवला आणि आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ हलवत राहिला.