नाक नसलेली गाडी आणि फोन न घेणारी पोरगी

आमच्या गल्लीत गाडी घेणं हा खाजगी व्यवहार नसतो. पैसे तुम्ही भरायचे, हप्ते तुम्ही फेडायचे, पण गाडी चांगली की वाईट हे गल्ली ठरवणार. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, त्याच सुमारास आमच्या ह्यांचे डोळे अधू झाले आणि त्यांनी स्टिअरिंग कायमचं सोडलं. म्हटलं, आता मीच चालवते. उतारवयात क्लच-गिअरचं झेंगट नको म्हणून विजेवरची गाडी घेतली. पांढरी, हिरव्या नंबरप्लेटची. ती दारात येऊन उभी राहिली तरी कुणाला कळलं नाही, कारण तिला आवाजच नाही. गल्लीनं तिच्यावर ठेवलेला हा पहिला आरोप.

दुसरा आरोप जवळच्या तालमीतल्या वस्तादांनी ठेवला. ते दूध पिऊन परतत होते. गाडीभोवती एक फेरी मारून ते पुढच्या बाजूला थांबले आणि म्हणाले, "वैनी, हिला नाकच न्हाय की! जाळी कुटं हाय? श्वास कुटनं घेती ही?"

मी म्हटलं, इंजिनच नाही तर श्वास कशाला घेईल?

"असं कसं? जनावर असू दे न्हायतर गाडी असू दे, तोंडावळा पायजे." वस्तादांचं स्वतःचं नाक कुठल्याशा कुस्तीत कधीच बसलं होतं, पण नव्या गाडीच्या दिवशी मी तोंड आवरलं.

मग पूजा. चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला आणि आता इंजिनाला हळदीकुंकू लावायचं म्हणून बॉनेट उघडलं, तर आत नुसती प्लॅस्टिकची रिकामी पेटी. मी हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभी, आणि गल्ली त्या पेटीत वाकून बघतेय. माझे धाकटे दीर मागून म्हणाले, "मेथीच्या जुडीला लावा कुंकू वैनी. ह्यात मेथीच ठिवायची हाय."

दिरांचं दुःख मला कळत होतं. उद्यमनगरात त्यांचं इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पिस्टन, रिंगा, गॅस्केट यांवर त्यांचा संसार उभा राहिला. आणि त्यांच्याच भावाच्या घरात बिनइंजिनाची गाडी यावी! त्या दिवसापासून ते रोज सकाळी गाडीला नावं ठेवायला येत आणि नावं ठेवून झाली की तिच्यातच बसून दुकानाला जात. त्यांची स्वतःची डिझेल गाडी एका सुट्या भागावाचून गॅरेजात पडून होती.

दुकानासमोर एक बाकडं आहे. त्यावर बसणाऱ्यांना काम काही नाही आणि मत नाही असा विषय नाही. दिरांना सोडायला गेले की चहा येई आणि मला थांबावंच लागे. आधी माझी गाडी चर्चेला. एक म्हणे, पाठीमागनं बघितली तर साबणाची वडी वाटते. दुसरा म्हणे, दाराचे हँडल आत लपवून ठेवलेत, म्हणजे चोर आला तर त्यालासुद्धा विचारावं लागेल की बाबा, उघडायची कशी? एकानं तर, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी चढलं की ही गाडी पाण्यात उतरवून अख्ख्या वॉर्डाला शॉक देणार, असं भविष्य सांगितलं.

गाडी संपली की पोलीस. हा विषय रोजचा. "कायदा फक्त गरिबाला," दीर म्हणायचे, "मोठ्याचा फोन गेला की लगीच सोडत्यात. ह्या देशात फोनवर न्याय मिळतो." सगळं बाकडं माना डोलवायचं. आणि पुढच्याच घोटाला प्रत्येक जण आपल्याला कुठं कुठं पकडलं आणि कुणाला फोन लावून आपण कसे सुटलो ते रंगवून सांगायचा. मी जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, पण प्रत्येकाच्या खिशात एक 'साहेब' असतो हे मला त्या बाकड्यावर कळलं. दिरांच्या खिशातही एक साहेब होते. ते नेमके कशाचे साहेब, हे मला इतक्या वर्षांत समजलेलं नाही. दिरांनाही ठाऊक असेल की नाही, शंका आहे.

एका दुपारी लक्ष्मीपुरीतून भाजी घेऊन येत होतो. मी चालवत होते, शेजारी दीर. ऊन मी म्हणत होतं. "वैनी, एसी वाढवा की जरा," ते म्हणाले. आता ह्या गाडीत बटण म्हणून काही नाही. मध्ये एक भलीमोठी पाटीएवढी स्क्रीन आहे, तिच्यावर बोट लावायचं, मग पंख्याचं चित्र शोधायचं, मग त्याच्या पोटातलं दुसरं चित्र. जुनी गाडी मी कधीमधी चालवायचे तेव्हा आंधळ्यासारखी हात नेऊन एसी लावत असे आणि नजर रस्त्यावर असे. इथं मान वळवून, चष्मा सावरून बघावं लागतं. मी बघत होते. गाडी आपली गपगुमान पुढं सरकत राहिली, लाल दिवा ओलांडून, पांढऱ्या पट्ट्यांवर. डोक्यावर केळ्यांची पाटी घेतलेली एक बाई पट्ट्यांवरून चालली होती. तिला गाडी ऐकूच आली नाही. मी कचकन ब्रेक दाबला. पाटी कलंडली, केळी बॉनेटवर. बाईला लागलं नाही, देवाची कृपा. पण तिनं माझ्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला तो मला अगदी रास्त वाटला.

नाक, साबण, मेथी, शॉक, एवढी मतं झाली, पण एसी लावायला रस्त्यावरची नजर काढावी लागते हे एकानंही सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. गाडी माझीच होती ना.

शिट्टी वाजली. ट्रॅफिकची एक पोलीस पोरगी काठी बगलेत मारून पुढं आली. आधी तिनं त्या बाईची केळी गोळा करायला हात लावला, पाटी उचलून दिली आणि मग काचेवर टकटक केली. "मावशी, गाडी बाजूला घ्या. लायसन दावा."

मी लायसन काढेपर्यंत दीर उतरले होते आणि त्यांचा फोन लागलासुद्धा होता. "साहेब, जरा हिच्याशी बोला," म्हणून त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. ऐटीत, जोतिबाचा प्रसाद द्यावा तसा.

"ड्युटीवर मी दुसऱ्याचा फोन घेत न्हाय, काका."

"अगं, कोण बोलतंय म्हाईत हाय का तुला?"

"न्हाय. म्हणून तर घेत न्हाय."

फोनमधून "हॅलो, हॅलो" येत राहिलं. दीर हात लांब करून तसेच उभे. येणारेजाणारे बघायला लागले. ती माझ्या नंबरप्लेटचा फोटो काढून मशिनवर बोटं मारत होती. आवाज चढवला नाही, की एक शब्द वावगा बोलली नाही. दंड माझ्या मोबाईलवर आला. "मावशी, ह्या गाडीला आवाज नसतो, लोकास्नी कळत न्हाय. तुमीच बघाय पायजे," एवढं बोलून ती पुढच्या मोटरसायकलकडं वळली. दीर आणखी दोन मिनिटं फोनमधल्या साहेबांना 'रेंज नाही' म्हणून समजावत होते.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर आभाळ कोसळलं होतं. "पोलिसांची वागणूक पार बिघडली," एकानं सुरुवात केली. "फोन घेत न्हाय म्हंजी काय? माणुसकी म्हणून काय चीज हाय का न्हाय?" दीर म्हणाले, "माझं सोडा, साहेब लाइनीवर हुतं. त्यांनी किती वेळा हॅलो करायचं?" फोनवर सोडणारे पोलीस वाईट, हे मत कालपर्यंत ह्याच बाकड्याचं होतं. मी ते बोलून दाखवलं तर सगळे माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की जणू मीच चहात माशी टाकली. "तिला घाटाकडं मलकापूरला धाडतो," दीर म्हणाले, "बसू दे पाऊस मोजत."

मला वाटलं, बोलाचीच कढी. पण आठवड्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमचा तक्रार अर्ज आलाय, जबाबाला या. मी चक्रावले. कसला अर्ज? घरात विचारलं तर ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. दिरांनी माझ्या नावानं अर्ज दिला होता. गाडी मी चालवत होते आणि बाईच्या तक्रारीला वजन असतं म्हणून. माझ्या सहीच्या जागी 'करिता' लिहून त्यांनी स्वतःची सही ठोकली होती.

"जाऊ दे की," हे म्हणाले, "व्हय म्हणून ये. घरातला माणूस हाय. ती पोरगी कोण लागती आपली?"

मला संताप आला. माझ्या नावानं खोटं लिहायचं आणि वर मीच 'व्हय' म्हणायचं! मी म्हटलं, "कोण लागत नाही म्हणूनच जाते," आणि किल्ली घेतली.

ठाण्यात मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. तक्रार करायला आलेल्या बाईला इतक्या आदरानं बसवतात हे बाकड्याला सांगून पटलं नसतं. चहा देणाऱ्या हवालदारानं हळूच सांगितलं, "नेसरीकडची हाय ती पोरगी. नवरा हुपरीला चांदीकामात, पोर अजून अंगावर पितंय. मलकापूरला गेली तर पोर कुटं आन नवरा कुटं. बगा, तुमच्या हातात हाय." तो निघून गेला. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला.

अधिकाऱ्यांनी अर्ज वाचून दाखवला. तिनं माझ्याशी उद्धट वर्तन केलं होतं. अंगावर धावून आली होती. ज्येष्ठ नागरिकाचा भर चौकात अपमान केला होता. एवढं सगळं माझ्यादेखत घडलं आणि मला पत्ता नाही! "बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते अर्धवट उभे राहिले, "जी साहेब, बसल्यात समोरच" म्हणाले आणि फोन माझ्यापुढं धरला. "घ्या. तुमच्याशीच बोलायचंय."

मी आयुष्यात फोनला नाही म्हटलेलं नव्हतं. तीच माझी नोकरी होती. मी म्हटलं, "आधी जबाब घ्या. मी आत्ता फोन घेत नाही."

त्यांनी फोन कानाला लावला, 'साहेब, नंतर लावतो' म्हणून खाली ठेवला. मग मी सांगत गेले. दिवा लाल होता. मी स्क्रीनवर एसी शोधत होते. गाडी मीच पट्ट्यांवर घातली, बाई थोडक्यात वाचली. ही मुलगी उद्धट बोलली नाही, धावून आली नाही. तिनं माझ्या दिरांचा फोन घेतला नाही, एवढंच केलं. अर्ज मी दिलेला नाही आणि सही माझी नाही.

"असं लिहू?" त्यांनी पेन उचलून धरलं.

"असंच लिहा."

"मॅडम, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे की. तो आत्ता फोनवर होता."

ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिची तुमची ओळख काय? नातं?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी तसं लिहिलं, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे मला लिहिण्याच्या पद्धतीवरूनच दिसलं.

बाहेर पडले तर ती पायरीपाशी टोपी घालत उभी होती, ड्युटीवर निघालेली. तिला सगळं कळलं असावं. मला वाटलं, आता ही हात धरेल, डोळ्यांत पाणी आणेल. मीही मनातल्या मनात 'अगं, त्यात काय' म्हणायची तयारी केली. ती म्हणाली, "मावशी, दंड भरला का? न्हाय भरला तर वाढत जातोय." मला ती पोरगी इतकी आवडली की गाडीत बसल्यावर एकटीच हसत राहिले. घरी जाऊन आधी दंड भरला.

तिची बदली झाली नाही. ती त्याच चौकात राहिली आणि आमच्या घरात बोलणं बंद झालं. दीर सकाळी यायचे थांबले. कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून दुकानाला जाऊ लागले.

गल्लीनं मात्र ह्या गोष्टीचा छडा लावला. परक्या पोरीसाठी सख्ख्या दिराविरुद्ध जबाब कोण देईल? नक्कीच ओळख असणार. वस्तादांच्या मते ती माझ्या माहेरच्या भावकीतली. मी सांगितलं, माझं माहेर सांगलीचं, ती नेसरीची. "असंल की," ते म्हणाले, "सोयरीक काय कुटंबी हुती." समोरच्यांनी तर थेट दार वाजवलं. त्यांच्या लेकाला त्या चौकात तिघे बसून जाताना धरलं होतं. "वैनी, तुमचा शब्द चालतोय तिथं. जरा बोला की." मी कानीकपाळी ओरडून सांगितलं, माझ्याकडं तिचा नंबरसुद्धा नाही. त्यांनी समजुतीनं मान हलवली. मोठ्यांच्या ओळखी असणारी माणसं असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

मग एक दिवस माझा फोन वाजला. दीर. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, आणि आवाज लोण्यासारखा मऊ. "वैनी, जेवलासा का? जरा चौकात अडकलोय बगा. गाडी गॅरेजातनं आली, पट्टा लावायचा इसरलो. तुमची ती बाई हाय हितं. फोन देतो, एवढं बोला तिच्याशी."

पलीकडं रस्त्याचा गोंगाट, हॉर्न, आणि त्यातून तिचा ओळखीचा आवाज: "काका, फोन खिशात ठेवा. लायसन काढा."

"भावजी," मी म्हटलं, "लायसन काढा."

त्यांनी फोन कट केला. संध्याकाळी बाकड्यावर ते सगळ्यांना सांगत होते म्हणे, "आमच्या वैनीची पोलिसात एवढी ओळख, पर घरच्या माणसाला उपेग काय?"