पहिली वाटी

आत्याबाईंच्या तोंडून गोड शब्द निघालेला मी कधी ऐकला नाही. गोड पदार्थ मात्र त्यांच्या हातून निघत आणि प्रत्येकाच्या मागून एक शिवी येई. नातवंडांपुढे ताटली आपटून त्या म्हणायच्या, "गिळा मुडद्यांनो! पोट हाय का पेव!" नातवंडं ही शिवी पुन्हा ऐकायला मिळावी म्हणून मुद्दाम दुसऱ्यांदा मागायची. त्यात माझी सायलीही होती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या काष्टीला एकट्या राहायच्या, आम्ही केडगावला. मध्ये एवढं अंतर होतं म्हणूनच दोघींचा निभाव लागला. माझी दळणाची गिरणी आहे, मिरची-हळद कांडायचं मशीन आहे, म्हणून त्या मला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. "गिरणीवाली आली का?" असं माझ्या तोंडावर माझ्या नवऱ्याला विचारायच्या. एका उन्हाळ्यात मी मशीनवर केलेल्या शेवया घेऊन गेले. त्यांनी एक शेवई दातानं तोडली, म्हणाल्या, "मोटारीचा वास मारतो," आणि सगळा डबा शेजारणीच्या शेळीला घातला. शेळीनं खाल्ल्या. मी तेवढं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "शेळीला काय, ती पाला बी खाती."

मे महिना लागला, की माझी नणंद लता तिच्या यश आणि सोहमला घेऊन पुण्याहून काष्टीला यायची. सायलीलाही मी पाठवायची. पोरांना आत्याबाई विकतचं काही देत नसत. शिळी चपाती कुस्करून, गूळ-तूप घालून तिचे मुटके वळायच्या. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ उखळात कुटून, उखळातूनच बोटानं खायला लावायच्या. पापडाच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्या, आणि वाळवणावरचे कावळे हाकलायची ड्युटी. कावळ्यानं एक पापड पळवला, की त्या पोराची एक लाटी कापली जायची. पोलिसांतही एवढी कडक शिस्त नसेल.

दुपारी त्या पोरांशी चिंचोक्यांनी खेळायच्या आणि सर्रास लबाडी करायच्या. जिंकलेले चिंचोके ओच्यात, हरलेले पायाखाली. यश ओरडायचा, "आजी, तू खोटं खेळतेस!" त्या शांतपणे म्हणायच्या, "मंग तुमी बी खेळा. तुमचं हात कुनी धरल्यात?" माझ्या मुलीला लबाडी शिकवू नका, असं मी एकदा सांगितलं. "शिकू दे," त्या म्हणाल्या. "सासरी जायचंय तिला. तुझ्यासारखी सासू मिळाली तर?"

पण आमचं खरं भांडण होतं पहिल्या वाटीवरून.

सगळ्या उन्हाळ्यात पोरांचा जीव अडकलेला असे तो कुरडयांच्या दिवशी. भिजवलेल्या गव्हाचं सत्त्व काढून ते मोठ्या पातेल्यात हाटून शिजवायचं, की घट्ट, चकचकीत चीक तयार होतो. सोऱ्यातून त्याच्या कुरडया घालायच्या. पण त्याआधी पोरांना गरम चीक वाटीत मिळतो, वर दूध-साखर. पहिली वाटी यशची, दुसरी सोहमची आणि सायली शेवटी. दरवर्षी हेच. सायली दोघांहून लहान, तरी ती रिकामी वाटी छातीशी धरून उभी राहायची. मी विचारलं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "लेकीची पोरं पाव्हणी असत्यात. पाव्हण्याच्या आधी घरचं जेवतं व्हय?"

"तिला उरलेलं, खालचं मिळतं," मी म्हणाले.

"खरवड मिळती. पातेलं आख्खं तिचं."

सायलीला विचारलं तर तीही म्हणाली, मला खरवडच आवडते. मला ते पढवलेलं वाटलं. मुलीच्या जातीला खरवड आवडायला लहानपणापासूनच शिकवतात.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्याआधी आत्याबाई मोरीत घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. लताचा मला फोन आला, "वहिनी, यंदा मी पोरांना नेत नाही. आईला झेपायचं नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. तिनं तसं आईला कळवलं. चारच दिवसांनी आत्याबाईंचा फोन. मला त्या स्वतःहून फोन कधी करत नसत.

"गहू भिजत घातलाय."

"कुणाला विचारून?"

"गव्हाला."

"आत्याबाई, हात प्लास्टरमध्ये आहे तुमचा!"

"हात माझा हाय. तू तुझा घिऊन ये. लतीला बी कळीवलंय." फोन बंद.

भिजलेला गहू थांबत नाही. रोज पाणी बदलायचं, तिसरा दिवस उलटला की वाटायचा, नाहीतर आंबून फुकट जातो. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. ऐन मिरचीच्या हंगामात गिरणी नवऱ्यावर सोपवून मी सायलीला घेऊन एसटीत बसले आणि काष्टीपर्यंत मनात भांडत गेले. शेजारणीनं मला दारातच गाठलं. म्हणाली, "म्हातारी दोन रात्री झोपली न्हाई. म्हनती, एक साल चुकलं की वाट मोडती, मंग पोरं येत न्हाईत." मी म्हटलं, मग हे मला सांगायला तोंड नव्हतं का त्यांना?

चीक हाटायच्या सकाळी लाकडी दांडा पहिल्यांदाच माझ्या हातात आला. आत्याबाई शेजारी पाटावर, हात जुन्या लुगड्याच्या झोळीत.

"तळातनं हाट! वरवर काय कुरवाळतीस?"

"धूर जातोय डोळ्यांत."

"मग डोळं मिट. हात कशाला थांबीवतीस?"

चीक चकाकायला लागला. त्यांनी लताला वाट्या मांडायला सांगितलं आणि सायलीची वाटी डाव्या हातानं मागं सरकवली. मी दांडा थांबवला.

"आज पहिली वाटी सायलीची. नाहीतर मी हाटत नाही."

"हाट गं बाई, गुठळी धरंल!"

"धरू दे."

लता पुढं आली. मी म्हणाले, "ताई, तुम्ही मध्ये पडू नका." ती मागं सरली. पातेलं फदफदत होतं. आत्याबाईंनी एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. वर्षभराच्या कुरडया, पोरांचा दिवस, भिजवलेला गहू, सगळं त्या पातेल्यात होतं. एक शब्द बोलल्या असत्या तर वाचलं असतं.

"होऊ दे गुठळ्या," त्या म्हणाल्या. "रीत मोडायची न्हाई."

आम्ही दोघी तशाच राहिलो. शेवटी यश म्हणाला, "मामी, जळतंय."

लिंबाएवढ्या गुठळ्या झाल्या होत्या. आत्याबाईंनी डाव्या हातानं, निम्मं सांडत, वाटी भरली ती यशचीच. मग सोहमची. मग सायलीची. सोहमनं घास घेतला आणि विचारलं, "आजी, ह्यात बटाटे घातलेत का?" पोरं इतकी हसली, की यशच्या नाकातून दूध आलं. सोऱ्या पहिल्याच गुठळीला तुंबला. त्या वर्षी कुणाच्याच घरी कुरडया गेल्या नाहीत. तो सगळा चीक पोरांनी दोन दिवस बसून संपवला आणि असा चीक कधीच झाला नव्हता, म्हणून वर पुण्यापर्यंत गाजवला. आम्ही दोघी त्या दोन दिवसांत एकमेकींशी बोललो नाही.

निघताना एसटी दिसली तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "हाटता येतं तुला. ऐकता येत न्हाई."

"तुम्हाला तरी कुठं येतं?" मी म्हणाले आणि गाडीत चढले. हेच आमचं शेवटचं बोलणं. पौषात त्या गेल्या. मी रडले नाही; रडायला लता होती.

पुढच्या मे महिन्यात यशचा फोन आला. "मामी, गहू भिजवला का?" मी गिरणीची कामं सांगितली, मिरचीचा हंगाम सांगितला. तो म्हणाला, "आम्ही दोघं शनिवारी येतोय." मग केडगावला, माझ्याच ओट्यावर, मी चीक हाटला. एकही गुठळी नाही. पहिली वाटी भरली, दूध घातलं, साखर घातली आणि सायलीच्या हातात दिली. इतकी वर्षं मला एवढंच करायचं होतं.

सायलीनं वाटी घेतली, उठली आणि यशच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

"असं नसतं, आई," ती म्हणाली आणि तळाला चीक किती लागलाय ते बघायला पातेल्यात वाकली.

बाई जाऊनही माझ्या घरात, माझ्या पोरीवर हुकूम त्यांचाच चालला होता. मला इतका राग आला, की सोहमची वाटी मी काठाबाहेर सांडेपर्यंत भरली.