दोन ओळींच्या मधल्या गप्पा

माझी मावशी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एंट्रीला होती. मीटरचे आकडे एक्सेलमध्ये यायचे आणि बिलाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ते हाताने भरावे लागायचे. फाइल आयती घ्यायला ते सॉफ्टवेअर काही तयार नव्हतं. म्हणून दोघी लागायच्या. शेजारच्या खुर्चीतली मैत्रीण आकडे मोठ्याने वाचायची आणि मावशी मान खाली घालून टाइप करायची. त्या मैत्रिणीला सगळं ऑफिस 'रेडिओ' म्हणायचं.

रेडिओ आकड्यांच्या मधेच घरच्या बातम्या द्यायची, अगदी त्याच सुरात. "मागचं सातशे बारा, आजचं सातशे चाळीस, नवरा कालपासून बोलत नाहीये, पुढचं." मावशी एंटर दाबायची. जोरात दाबला, तर तो नवऱ्यासाठी असायचा. एकदा मावशीच्या हातून शेऱ्याच्या रकान्यात 'सासू रुसली' पडलं आणि तसं छापील बिल एका गृहस्थांच्या घरी पोचलं. ते तणतणत आले आणि म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

घरात तोंडातून निघणार नाही ते त्या दोघी एकमेकींना सांगायच्या. एकमेकींकडे बघायला मात्र सवड नसायची.

पुढे मावशीची मनगटं दुखायला लागली. तिनेच साहेबांच्या मागे लागून एक प्रोग्रॅम बसवून घेतला. तो एकेक ओळ उचलायचा, चौकटीत भरायचा आणि पुढे सरकायचा. पहिल्या दिवशी दोघी हाताची घडी घालून बघत बसल्या.

"सुटलो गं बाई!" मावशी म्हणाली.

नोकरी कोणाचीच गेली नाही. साहेबांनी मावशीला कौतुकाचं पत्र दिलं आणि दोघींना तक्रारींची टेबलं दिली, समोरासमोर. तिथे त्यांचं बोलणंच आटलं. मी मावशीची थट्टा केली, "आता तर दिवसभर कुटा की गप्पा!" तर ती वैतागून म्हणाली, "समोर बसलं की 'चहा झाला का' याच्यापुढे गाडी जात नाही."

मला त्या प्रोग्रॅमचा राग नाही. सांगितलं ते त्याने केलं. पण मनगटाला पट्टा बांधून भागलं असतं, हे माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवसांत रेडिओ दोनदा मावशीच्या टेबलापाशी आली होती. मावशीने दोन्ही वेळा हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बोल ना, वेळच वेळ आहे." पहिल्यांदा रेडिओने स्टेपलर मागितला. दुसऱ्यांदा "काही नाही गं" म्हणून परत गेली.

छातीतली गाठ तेव्हाच तिच्या हाताला लागली होती. तिने ती कोणालाच सांगितली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर नवऱ्यावर चिडले, इतके दिवस काय करत होता म्हणून. त्या बिचाऱ्याला काही ठाऊकच नव्हतं.

मावशी भेटायला गेली आणि पलंगाशी बसून रडली. "मला तरी सांगायचंस की गं!"

"सांगायलाच आले होते," रेडिओ म्हणाली. "तू माझ्याकडे बघत बसलीस."

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. यात मावशीचा काय दोष, असं सगळे म्हणतात. मीही म्हटलं.

"दोष नाहीच गं," मावशी म्हणाली. "पण मी मान खाली घालून बसले असते ना, तर तिने सांगितलं असतं. आणि मी तिला त्याच दिवशी हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं."