वंदना बिनचूक होती

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा सांगणारा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पायात चपला न्हवत्या." वैशाखातली दुपार, सेलूहून मानवतकडे जाणारा डांबरी रस्ता आणि त्यावर अनवाणी निघालेला माझा थोरला चुलता... डॉक्टर म्हणाले, उष्माघात. भावकी म्हणाली, काकूनं चपला लपवल्या म्हणून गेले.

लपवल्या होत्याच, ज्वारीच्या कोठीत. चपला दिसल्या की नाना शाळेत निघायचे, आणि शाळेतून निवृत्त होऊन तर कितीतरी वर्षं झालेली. चपलेशिवाय मास्तर उंबरा ओलांडणार नाहीत, असं तिला वाटलं होतं.

त्याच्या खूप आधीपासून ती सांगत होती, "ह्यांचं काहीतरी बिघडलंय. जेवून उठतेत अन् पुन्हा ताट मागतेत." कुणी मनावर घेतलं नाही. पौर्णिमेला विहारात बुद्धवंदना नानाच सांगायचे, एक शब्द इकडचा तिकडे न होता, आणि आमच्या वस्तीत डोकं ठिकाणावर असल्याची याहून मोठी खूण नाही. गावातल्या डॉक्टरनं वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. तेही गणिताच्या मास्तरांना. नानांनी धडाधड उत्तरं दिली. "वय झालंय," म्हणून डॉक्टर मोकळा. काकू शेजारीच बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी काकूला बोलतं केलं. मग नानांना तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. शब्द सांगितले होते हेच नानांना आठवेना. बाई म्हणाल्या, शिकलेला माणूस बराच काळ निभावून नेतो, जुनं पाठांतर उशिरा जातं. शुगर, कमी ऐकू येणं यांचीही भर पडते. "आधी आणलं असतं तर..." एवढं बोलून त्या चिठ्ठी लिहू लागल्या. त्यानंतरच चपला कोठीत गेल्या.

शोकसभेत वक्ते सांगत होते, सरांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत तल्लख होती. मला उठून ओरडावंसं वाटलं. काकू हळूच म्हणाली, "वंदना याद होती. मला इचारायचे, बाई, तुमी कुणाकडच्या?"

परवा तिच्याकडे गेलो होतो. दळणासाठी तिनं कोठीत हात घातला, चपला वर आल्या. तिनं त्या पुन्हा ज्वारीत खोल दाबल्या.

"काकू, आता कशाला?"

"दिसल्या की निघतेत," ती म्हणाली आणि झाकण लावलं.